शुक्रवारच्या ताई

शुक्रवारच्या ताईंनी मला कधी एकही शब्द दिला नाही. बाकी सगळे देत होते. डोक्यातली गाठ काढून मी टेमघरला घरी आलो, तेव्हा बोलताना माझे शब्द अडकायचे. मी “मला जरा...” म्हटलं की बायको, कल्पना, म्हणायची पाणी, मुलगी म्हणायची चहा, आणि थोरला भाऊ, दादा, म्हणायचा संडास. तिघांपैकी एकाचं बरोबर निघालं तरी मला रागच यायचा. ताई मात्र फोनवर गप्प राहायच्या. मी शोधायचो, त्या थांबायच्या. मध्येच त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली की म्हणायच्या, “तुम्ही शोधा सावकाश, मी गॅस बारीक करून येते.” आणि येऊन पुन्हा गप्प.

माझं ऑपरेशन मुंबईत झालं. तिथल्याच डॉक्टरांनी ताईंशी गाठ घालून दिली. अशा दुखण्यातून उठलेल्यांशी फोनवर बोलायचं, त्यांचं बोलणं, लक्ष आणि मन हळूहळू ताळ्यावर आणायचं, हे त्यांचं काम. त्या साताऱ्याकडे कुठेतरी राहायच्या आणि घरूनच फोन करायच्या. व्हिडिओ कॉलला त्यांची सक्त मनाई. “चेहरा दिसला की तुम्ही मान हलवून भागवाल,” म्हणायच्या. त्यामुळे मी त्यांना कधी पाहिलं नाही. वार शुक्रवारचा ठरला, कारण आमच्या भिंतीपलीकडचे लूम, कापडाचे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असतात. इतर दिवशी आमच्या घरात धडधाकट माणसालाही ओरडूनच बोलावं लागतं.

“कसे आहात?” असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्याला सगळे “बरा आहे” म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “या आठवड्यात कोणावर ओरडलात?” मग मला यादीच सांगावी लागायची. कल्पनावर, भाजीवाल्यावर, टीव्हीवर. एमआरआयची तारीख जवळ आली की यादी लांबायची. ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. “टीव्हीवर नाही ओरडलात. घाबरलाय तुम्ही,” त्या म्हणाल्या. होतोच घाबरलेला. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

मी वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅच सुपरवायझर होतो. ड्रायव्हर, हमाल, ऑफिस, सगळ्यांशी दिवसभर तोंड चालू. ताईंनी माझ्याकडून शिफ्ट म्हणजे काय ते नीट समजून घेतलं आणि तो शब्द माझ्यावरच उलटवला. बोलता बोलता माझी जीभ जड झाली की त्यांना तिकडे कळायचं. “आता तुमची शिफ्ट संपली. पडा जरा.” मी ओव्हरटाइम मागितला तर फोन ठेवून द्यायच्या.

घरात खरा घोळ झाला तो वंदनेवरून. आमच्या विहारात वंदना घ्यायला आणि लोकांच्या लग्नात चार शब्द बोलायला कायम मीच पुढे असायचो. ऑपरेशननंतर एका पौर्णिमेला मला विहारात नेलं. बसल्या जागी मी त्रिशरण, पंचशील, पुढच्या गाथा, सगळं न अडखळता म्हटलं. बायका डोळे पुसायला लागल्या. घरी आल्यावर मला चप्पल मागता येईना. दादा भडकला. “एवढी पाली फाडफाड म्हणतो नि चप्पल म्हणायला तोंड उघडत न्हाय? नाटकं हायेत सगळी. कामावर जायला नको.” कल्पनालाही तसंच वाटलं असावं. मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

पुढच्या शुक्रवारी ताईंनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि दादाला बोलावून घेतलं. “दादा, लहानपणापासून पाठ असलेलं आपोआप येतं. नवं वाक्य मात्र दरवेळी जुळवावं लागतं. यांचं पाठांतर शाबूत आहे. दुखापत जुळवणीला झालीय.” दादा उठला आणि त्याने माझ्या चपला आणून पायाशी ठेवल्या. मला तेव्हा कुठेच जायचं नव्हतं, तरी मी घातल्या. त्या दिवशी मी खूप रडलो. मी खोटा नाही, हे कुणीतरी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मग प्रज्ञाचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. विधी झाल्यावर मुलीचा बाप बोलतो, ही आमच्याकडची पद्धत. आतापर्यंत दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नात मी भरभरून बोललो होतो. आता स्वतःच्या पोरीच्या लग्नात काय करणार, या विचाराने जेवण जाईना. दादाने तोड काढली. “तू वंदना घे, भाषण माझ्यावर सोड. कुणाला कळणार पण न्हाय.” मला ती मनापासून आवडली. ताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “चांगलं आहे, तसंच करा. पण प्रज्ञाला जे सांगणार होतात ते मला तरी सांगा. वाया कशाला घालवायचं?”

ते सांगण्यात आमचे पुढचे सगळे शुक्रवार गेले. सांगायचं होतं ते फार नव्हतं. हॉस्पिटलमध्ये मला मुलीचं नाव आठवत नव्हतं. मी तिला कल्पना म्हणायचो, आई म्हणायचो, एकदा तर आमच्या गोदामातल्या सलीम ड्रायव्हरच्या नावाने हाक मारली. पोरगी प्रत्येक नावाला ओ द्यायची. सलीमलासुद्धा. ताईंना ते पूर्ण सांगून झालं, तेव्हा दादाला भाषण देऊन टाकणं मला जमेना. त्यांनी एकच शिकवलं, “एखाद्या शब्दाशी अडलात तर त्याच्या अवतीभवतीचं बोला. तेही नाही आलं तर उभे राहा. खाली बसू नका.” त्यांना लग्नाला बोलावलं, त्या आल्या नाहीत. “मी समोर असले तर तुम्ही माझ्याशी बोलाल.”

हॉलमध्ये माईक हातात घेतला. वंदना म्हणून वेळ मारून न्यावी, असं शेवटपर्यंत वाटत होतं. बोललो. सलीमवर सगळे हसले. शेवटी म्हणालो, “मी कुणालाही हाक मारली तरी ही यायची. हिचं नाव...” आणि अडलो. तिचंच नाव. पुढच्या रांगेतून आवाज आले, “प्रज्ञा! अरे, प्रज्ञा!” तशी नवरी उठून उभी राहिली आणि म्हणाली, “थांबा सगळे. पप्पा सांगतील.” हॉल गप्प झाला. मी तसाच उभा राहिलो. कितीतरी वेळाने नाव आलं, आणि ती म्हणाली, “ओ पप्पा.”

लग्नानंतरच्या शुक्रवारी पहिला प्रश्न तोच. “कोणावर ओरडलात?”

“केटररवर. भात कच्चा होता.”

“मग बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. पार ‘ओ पप्पा’पर्यंत. मग ताई म्हणाल्या, “आता तुम्हाला माझी गरज उरलेली नाही. माझ्या शुक्रवारच्या वेळेची वाट बघणारा दुसरा एक माणूस आहे, तो अजून स्वतःच्या बायकोला ओळखत नाही. आपला हा शेवटचा फोन.” मी बरं म्हणालो. त्याच्याइतकीच मलाही कधीतरी त्यांची गरज लागली होती, तेव्हा हट्ट कुठल्या तोंडाने करणार?

“तुम्हाला एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळे मला...” आणि पुढे काही नाही. कुकरची शिट्टी नाही, भांड्यांचा आवाज नाही. आमच्याकडे लूम बंद, त्यांच्याकडे सगळं शांत. काय असेल याचे दोन-तीन अंदाज माझ्या तोंडाशी आले, ते मी गिळले आणि फोन कानाला तसाच धरून बसलो.

कल्पना दारातून डोकावली. “कट झाला काय?”

मी मान हलवली. “न्हाय. ताई बोलतायत.”