हॅरीआजोबांनी सांभाळलेला कप

मॅचला डॉक्टर म्हणून उभं राहिलं की जखमा दहा मिनिटांत शिवून होतात, किस्से मात्र साठत जातात. यॉर्कशायरमधल्या आमच्या गावच्या रग्बी लीग क्लबात मी एकच सीझन हे काम केलं, तर पोतंभर झालेत!

*

मुळात मी नागपूरचा भूलतज्ज्ञ. महायुद्धात बंद पडलेला या भागातला कप ऐंशीहून जास्त वर्षांनी पुन्हा सुरू होणार होता आणि क्लबाला डॉक्टर मिळेना. कॅप्टन डीनने मला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गाठलं.

"रग्बी कळतं?"

"अजिबात नाही."

"ब्रिलियंट! म्हणजे तू रेफ्रीशी भांडणार नाहीस."

झाली नेमणूक!

*

कप इतकी वर्षं नव्वदी ओलांडलेल्या हॅरीआजोबांच्या घरी होता. पार काळा पडलेला, म्हणून घासायला आमच्याकडे आला. माझी बायको मेधा देवाची चांदीची भांडी घासते तसा तिने तो टूथपावडरने घासला, लखलखीत केला आणि सवयीने कुंकवाचं बोट लावून क्लबात पाठवला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन. "डॉक, कप लव्हली दिसतोय. पण हा लाल ठिपका कुठल्या स्पॉन्सरचा?"

*

पहिल्या मॅचला मेधा नारळ घेऊन हजर!

"अगं, इथे कुठे?"

"अरे, एवढ्या वर्षांनी काहीतरी सुरू होतंय, नारळ नको?"

ग्राउंडवर सगळा चिखल, त्यावर नारळ कसला फुटतोय! तिने तो डीनला दिला आणि पार्किंगच्या फरशीवर फोडून आणायला सांगितलं. डीन नारळ रग्बीच्या बॉलसारखा काखेत मारून पळाला. ते बघून त्याच्याच टीममधल्या तिघांनी सवयीने त्याला आडवा केला!

नारळ शाबूत. डीनच्या बरगडीला मुका मार. शिट्टी वाजायच्या आधीच मला पहिला पेशंट मिळाला.

*

सेमीफायनलला एकाचं नाक मोडलं. मी धावत गेलो. "श्वास घेता येतोय ना?"

"येतोय डॉक. पण लवकर बाजूला हो, बॉल आपल्याकडे आहे!"

*

फायनल मात्र साधी नव्हती. हॅरीआजोबांचे वडील म्हणजे युद्धाआधी शेवटचा कप जिंकलेल्या आमच्या टीमचे कॅप्टन. लढाईवर जाताना त्यांनी सहा वर्षांच्या हॅरीला सांगितलं होतं, "मी येईपर्यंत कप सांभाळ." ते आलेच नाहीत. आजोबांनी कप सांभाळला. आता आम्ही हरलो तर तो शेजारच्या गावी जाणार होता.

आम्ही हरलो. चांगले दणकून हरलो!

कप द्यायचा मान आजोबांचाच. व्हीलचेअरमध्ये बसलेले, कप मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. समोर जिंकलेला कॅप्टन हात पुढे करून उभा. आजोबा देईनात.

शेवटी त्यांनी हात सोडले आणि त्या सहा फुटी गड्याला बोट दाखवून दटावलं, "पुढच्या वर्षी घेऊन यायचा. आणि मध्येच युद्धबिद्ध काढायचं नाही!"