मुरलीधरची गोळी, रविंद्रची गोळी

लिव्हर गेलं म्हटलं की लोक नवऱ्याकडे संशयाने बघतात आणि बायकोकडे कीवेने. इथे ऑस्ट्रेलियात, आमच्या वॉलॉंगॉंगच्या महाराष्ट्र मंडळातल्या विनिताने तर मला बाजूला घेऊन विचारलं, रोज किती घ्यायचा गं? माझं डोकंच फिरलं. अगं बाई, पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये इतकी वर्षं क्रेन चालवली माझ्या नवऱ्याने. शिफ्ट संपली की बाकीचे पबला जायचे आणि हा घरी येऊन आल्याचा चहा मागायचा. लिव्हर पोखरणारा हेपटायटिस बीचा विषाणू मुरलीधरला जन्मतानाच आईकडून आला. पुण्यातल्या धाकट्या भावाला, रविंद्रलाही तसाच. चाळिशी उलटेपर्यंत दोघांनाही पत्ता नव्हता.

मुरलीधरचं कळलं तेव्हा सिरॉसिस पार पुढे गेला होता. पोटात पाणी, पाय सुजलेले, डोळे पिवळे. सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलचे डॉक्टर कुशल आपलेच, सोलापूरचे. पण लॉकडाउनमुळे सगळं बोलणं फोनवर. लिव्हर बदलणं हा एकच उपाय होता, आणि याचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नव्हतं. राहिली रोजची एक गोळी, एन्टेकॅविर.

रविंद्रची गोळी वेगळी, टेनोफोविर. दर रविवारी फोनवर तो जोरात सांगायचा, दादा, मी एकदम फिट, आज पर्वती चढून आलो. मग हाही ठोकून द्यायचा, मी पण मस्त, रोज बीचवर चालतो. कसला डोंबलाचा बीच! बाथरूमपर्यंत मी धरून न्यायचे. मी डोळे वटारले की म्हणायचा, जाऊ दे ना, त्याला तिकडे उगाच घोर कशाला.

फोन ठेवला की मात्र एकच धोशा. रविची गोळी चांगली आहे, मला ती दे.

शेवटी मी डॉक्टरांशी भांडले. भाऊ तिकडे डोंगर चढतोय आणि तुम्ही याला ही कसली गोळी देताय, असं फोनवर सरळच विचारलं. बिचारे चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, या दोन गोळ्यांची तुलना खूप जणांनी केलीय. दोन्ही विषाणूला दाबतात. यांच्या रक्तात तो आता सापडतही नाही. पण लिव्हरच उरलेलं नाही, तिथे कुठलीच गोळी काय करणार?" त्यात रविंद्रची गोळी किडन्यांना जड आणि याच्या किडन्या नाजूक, म्हणून बदल करायला ते तयार नव्हते.

मला पटलं. पण ते मुरलीधरला सांगायची हिंमत होईना. गोळी बदलणार नाहीत एवढंच सांगितलं, तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, जेवलाही नाही. मग स्वतःच म्हणाला, नीलाला विचार, ती कुरिअरने पाठवेल. नीला म्हणजे रविंद्रची बायको, माझी धाकटी जाऊ. म्हटलं, विचारून तरी बघू, निदान दोन घास खाईल.

किचनमध्ये जाऊन फोन लावला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "वहिनी, बरं झालं तुम्ही फोन केलात. दादांच्या गोळीचं नाव नीट सांगाल? ह्यांचं पोट पाण्याने फुगलंय, महिनाभर अंथरुणातून उठले नाहीत. डॉक्टर म्हणतात आता काही होणार नाही. पण हे ऐकतच नाहीत. म्हणतात, दादा बीचवर चालतो, मला त्याचीच गोळी आणून दे."

 मी तिला एन्टेकॅविरचं नाव सांगितलं, सावकाश, लिहून घेता येईल असं.

खोलीतून मुरलीधरने हाक मारली. पाठवते म्हणाली का, विचारत होता.

"हो," मी म्हटलं, "पाठवते म्हणाली."