मायची शेवटची बांधी

माझी माय हट्टी. साधीसुधी नाही, वैनगंगेशी भांडणारी हट्टी. बाबा गेले तेव्हा आमच्या काठावर तीन बांध्या होत्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे. दोन नदीनं दरडीसकट गिळल्या. तिसरी उरली, तीही कडेला येऊन टेकलेली.

मी बल्लारपूरला नोकरीला. दर सुटीत माझा एकच घोषा, "माय, चाल ना माझ्यासंगं. इथी एकटीनं काऊन राहाचं?" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शेवटी मी चिडून म्हटलं, "पुढच्या मोठ्या पुरात बांधी गेली, तर येशीन?"

"येईन. पण आधी मले काठ बांधू दे."

काठ बांधायचा कशानं, तर गवतानं! कृषी सहायकबाईंनी गावातल्या बायांना शिकवलं होतं. उभी तुटलेली दरड आधी उतरती करायची, खाली पाण्याजवळ निर्गुडीच्या ओल्या काठ्या ठोकायच्या, वर ओळीनं वाळा लावायचा. वाळा मला ठाऊक तो कूलरच्या ताट्यांतला, उन्हाळ्यात वास देणारा. तो नदी अडवणार? त्यात उतार करायला बांधीचाच पट्टा कापावा लागला. नदीनं ठेवलं ते आपणच कापायचं, कमालच झाली!

तरी रजा टाकून मी चिखलात उतरले. माय एकटी राबणार आणि मी बघत बसणार, हे काही जमलं नसतं. रोवण्याला, म्हणजे धान लावताना, आम्ही वाकून मागं मागं सरकतो. हातात वाळ्याची रोपं आली आणि जुनी सवय जागी झाली. सरकत सरकत मी थेट नदीत! कमरेएवढ्या पाण्यात बसले. बाया पोट धरधरून हसल्या. माय वरून ओरडली, "वो बाई, काठ आहे हा, बांधी नाई! आडवी चाल, आडवी!"

त्या वर्षी नदी गुमान राहिली. वाळा फोफावला. निर्गुडीला बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून त्या काठ्याही रुजून टिकल्या. पुढच्या वर्षी मात्र वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि पाणी गावापर्यंत आलं. माय फोनवर म्हणाली, "काठ दिसून नाई राह्यला." मला रडू फुटलं. आणि खरं सांगते, पोटात कुठंतरी बरंही वाटलं. आता येईल ती. मी आतली खोली आवरली, तिच्यासाठी खाट टाकली.

रस्ता मोकळा झाल्याबरोबर निघाले आणि घरी न थांबता सरळ नदीवर गेले. अगा बाप्पा! पलीकडची उघडी दरड कुठच्या कुठं वाहून गेली होती. आमची जागेवर! वाळा सगळा प्रवाहाच्या दिशेनं आडवा झोपलेला, चिखलानं माखलेला, आणि त्याच्याखाली माती जशीच्या तशी. एका टोकाला पाण्यानं उतार खरवडला होता. तिथं मुळं उघडी पडली होती, माझ्या डोक्याच्याही वरून खाली लोंबणारी, केसांसारखी बारीक. किती ती! मी मूठभर धरून जीव खाऊन ओढली. हललीसुद्धा नाहीत. एवढ्याशा गवतानं एवढी मोठी नदी थोपवली होती. माझे हात आपसूक जोडले गेले, नदीला की गवताला, ते माझं मलाच कळेना.

माय बांधीतला गाळ ओढत होती. "पाह्यलं?"

"पाह्यलं वो माय."

दोघी घरी आलो. दारातच लोखंडी पेटी, सुतळीनं करकचून बांधलेली. तिच्यावर लुगड्यात गुंडाळलेली बुद्धाची तसबीर. भिंतीवर नुसता खिळा.

"हे काय?"

माय चुलीकडं वळली. "काठ दिसत नव्हता ना, बाई. तुले शब्द देल्ला होता."

मी जिला जन्मभर हट्टी म्हणत आले, तिनं पाणी चढताना बघत एकटीनं सगळं घर पेटीत भरलं होतं. खोली तयार आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. खाली बसून सुतळीची गाठ सोडली. मग तसबीर पदरानं पुसली आणि त्याच खिळ्याला लावली.