चावीमामा आणि गोठ्याचा नळ

चावीमामा भर रस्त्यात उकिडवे बसायचे आणि लोखंडी चावीच्या दांड्याला कान लावायचे. मागे सायकलींच्या घंट्या वाजत, रिक्षावाले शिव्या देत, एखादी म्हैससुद्धा त्यांना हुंगून जाई. पण ते हलायचे नाहीत. डोळे मिटलेले, तोंड अर्धं उघडं. नवीन माणसाला वाटावं, म्हाताऱ्याला घेरी आली. मग एकदम डोळे उघडून ते आमच्या चाळीकडे बघून ओरडायचे, "आयलं गो! वलनापरत आयलं! भांडी मांडा!" आणि खरोखर, थोड्या वेळात आमच्या नळाला खोकला यायचा.

ते आमच्या नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला होते. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायची ती चावी त्यांच्या खांद्याएवढी उंच होती. गाव कल्याणच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. नाव मुद्दामच लिहीत नाही, तिथले साहेब लोक अजून असतील. लग्न होऊन आम्ही चाळीत बिऱ्हाड केलं तेव्हा ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं. बेचाळीस बिऱ्हाडं आणि नळ एक. मामा खाडीकाठच्या गावातले आगरी. बोलायचे तेही आगरीच. मला जसं आठवतंय तसं लिहिते.

प्रत्येक व्हॉल्व्हला किती फेरे द्यायचे हे ठरलेलं असे. आमच्या वाट्याला नऊ. मामा मोठ्यानं मोजत फिरवायचे आणि मध्ये कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. आमच्या शेजारच्या सुशीलावहिनी नेमक्या आठव्या फेऱ्याला विचारायच्या, "मामा, नातू कितवीला हो तुमचा?" "तिसरीला," मामा म्हणायचे, आणि पुढे चार, पाच, सहा असं मोजत जायचे. त्या दिवशी चाळीत अंथरुणं धुतली जात. वहिनींना आपल्या हुशारीचा फार अभिमान होता. चार वर्षं झाली तरी नातू तिसरीतच. मग एकदा जत्रेत मामांबरोबर तो दिसला, तर त्याला मिसरूड फुटलेलं. मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी पाळण्यांकडे पाहिलं.

गाव किती वाढलं हे मामा घागरीवरून सांगत. "आंगोदर सासूचं नाव घेईपरत घागर भरायची," ते म्हणायचे. "आता सुशीलाबायची सासूची सगली गोष्ट सपते, तरी घागर रितीच." खाडीकडून रोज नवी इमारत वर येत होती. कुठल्या इमारतीत कधी माणसं राहायला आली, हे मामांना आमच्या आधी कळायचं. नळाची धार बघून ते म्हणत, "काल कोनीतरी नवीन बाई आयली गावान. भांडी जास्त घासते."

पण मामांच्या मनातलं गाव मात्र वाढलं नव्हतं. व्हॉल्व्हना त्यांनी नावं दिली होती ती पाइप टाकले तेव्हाची: चिंचेचा, मिठागराचा, पडक्या विहिरीचा, आणि आमच्या चाळीचा तो गोठ्याचा. चिंच तोडून इमारत झाली, मिठागरावर भराव पडला, विहीर बुजली, गोठा गेला. मामांची नावं तीच. नव्या इमारतीतले एक बँकेतले गृहस्थ एकदा चिडून त्यांना म्हणाले, "अहो, चिंचेचं पाणी सोडलं, चिंचेचं पाणी सोडलं म्हणता, चिंच आहे कुठे?" मामा शांतपणे म्हणाले, "तुमचे हॉलान. सोफा ठेवलाय ना, त्याचे खाली."

मी तेव्हा कुणाशी फारसं बोलत नसे. घरात मोठं माणूस आलं तरी दाराआड जायची. शाळा चौथीपर्यंत झाली होती, पण वाचायची सवय सुटली नव्हती. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मगच चुलीत घालायची. हे मामांनी एकदा पाहिलं. आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुस्तक घेऊन ते दारात उभे. नगरपालिकेचा वर्षाचा अहवाल. पालिकेनं वर्षभरात काय केलं, किती आलं, किती गेलं, सगळं त्यात छापलेलं. पाण्याच्या खात्यात एक प्रत पडून असे.

"बाय, तू वाचतंस ना? वाच. मना सहीपुरताच येते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी दाराच्या आत, पडद्यामागे बसले आणि मामा बाहेर नळाच्या कट्ट्यावर. आवाज बाहेर, मी आत. बायका धुणं टाकून ऐकायला जमल्या. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या आधी एक दुपार आमच्याकडे अहवालाची असे.

मी वाचायची, "रस्त्यावर दिव्यांचे नवीन खांब बसविण्यात आले."

"पेटतान किती?"

"ते लिहिलेलं नाही, मामा."

"मंग ते नुसतं खांब मोजलंन. वाच फुरं."

"नवीन जलवाहिनी टाकण्यात आली."

"टाकली, टाकली. मी सोता उभा होतो. त्यान पानी टाकाचा रायला तवरा."

एका वर्षी अहवालात "उद्यान : एक" असं निघालं. बायकांत खळबळ उडाली. आमच्या गावात बाग? सुशीलावहिनी संध्याकाळी पोरंबाळं घेऊन शोधायला गेल्या. तिठ्यावर दोन जास्वंदी, एक पाटी आणि तिच्याखाली झोपलेलं एक कुत्रं सापडलं. परत येऊन म्हणाल्या, "बाग आहे हो. पण आत्ता तिथे जागा नाही."

शेवटच्या पानावर वर्षअखेरची शिल्लक असायची. ती ऐकल्याशिवाय मामा उठत नसत. "रायली काय?" "राहिली थोडी." मग ते मान हलवत म्हणायचे, "पीठ शिल्लक ठेवून पोरांना उपाशी निजवनारी बाई हाय ही पालिका. शेजारनीला डबा दाखवते, बघ कशी काटकसर केली."

असं हसतखेळत चाललं असताना एका वर्षी अहवालाच्या मागे नवीन यादी आली : सार्वजनिक नळ. मामा खूश झाले. "ती मीच दिली. हापिसान बोलावून सांगून घेतली माजेकरून." मी एकेक नळ वाचत गेले, मामा मान डोलवत गेले. देवळाजवळील, चालू. बाजारातील, चालू. आणि मग मी थांबले.

"काय गो? वाच ना."

"गोठ्याजवळील नळ. गोठा अस्तित्वात नसल्याने बंद."

समोर आमचा नळ ठिबकत होता.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"अहो मामा," सुशीलावहिनी म्हणाल्या, "मग हे समोर काय आहे? शंकराची पिंडी?"

मामांचं तोंड उतरलं. झालं होतं ते असं. यादी देताना त्यांनी सवयीनं "गोठ्याचा नळ" सांगितलं. कारकुनानं विचारलं, गोठा कुठे आहे? मामा खोटं बोलत नसत. म्हणाले, गोठा तर कवाच पारला. कारकुनानं तसं लिहून टाकलं. त्याला वाटलं, गोठा नाही तर त्याचा नळ तरी कशाला असेल?

"गोठा जाऊन सहा वर्षं झाली मामा! चाळीचा नळ म्हणायला काय झालं होतं?" वहिनी तडकल्या.

"गोठा गेला, पन जागा गेली काय गो?" असं म्हणून मामांनी डोकं धरलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बंद लिवलेलं नल दिवाली झाली का तोरनार हान. तोराला मनाच धारतील. माजेच हातानं."

नळ तोडायला मामांनाच यावं लागणार, हे ऐकल्यावर वहिनी कट्ट्यावर मामांशेजारी बसल्या. दुसरं पाणी म्हणजे खाडीकडची विहीर, खारट. तीही अर्ध्या तासावर. कुणीतरी म्हणालं, हंडे घेऊन मोर्चा काढू. मामा म्हणाले, "मोर्चा काराल तर पैला मना कामावरून कारतील." मग ते माझ्या दाराकडे वळले. पडद्याकडेच बघून म्हणाले, "बाय, तू लिव. माजे तोंडातलं गाव हापिसाला कलत नाय. तू कागदावर कर."

मी मुलाच्या वहीतली उरलेली पानं काढली. एका बाजूला मामांचं नाव, दुसऱ्या बाजूला आता तिथे काय आहे ते. पण बसून लिहिणं मामांना जमेना. जागेवर उभं राहिल्याशिवाय त्यांना काही आठवायचं नाही. म्हणून तीन दुपारी मी त्यांच्यामागून हिंडले. ते खांद्यावर चावी टाकून पुढे, मी दहा पावलं मागे, पदर डोक्यावरून. या गावात राहून मला सात वर्षं झाली होती आणि नळ, वाणी, देऊळ यापलीकडचं गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मामा पाय आपटून सांगायचे, "इथं मिठाची रास होती." मी लिहायची, मिठागर, म्हणजे आताचा दवाखाना. "इथं विहीर." पडकी विहीर, म्हणजे पिठाची गिरणी. चिंचेपाशी मी विचारलं, काय लिहू? "खरं ता लिव," मामा म्हणाले. म्हणून लिहिलं, चिंच, म्हणजे बँकेतल्या साहेबांचा हॉल.

चौथ्या दिवशी पालिकेत गेलो. घरी मी सांगितलं होतं, मामा पुढे बोलतील, मी नुसती मागे उभी राहीन. पण रस्त्यावर ज्यांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू यायचा ते मामा साहेबांच्या टेबलापुढे टोपी हातात घेऊन दगड झाले. साहेबांनी दोनदा विचारलं, "काय काम आहे?" मामांनी मला कोपरानं पुढे ढकललं.

मी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडली, कपाळाला आठ्या घालून वाचू लागले आणि चिंचेपाशी येऊन मोठ्यानं हसले. मग त्यांनी कपाटातून गावाचा निळा नकाशा काढून पसरला, हातात पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "बाई, तुम्ही वाचा. मी खुणा करतो."

मी वाचू लागले. तिथे पडदा नव्हता. पहिली दोन नावं मलाच ऐकू आली नाहीत. तिसऱ्याला साहेब म्हणाले, "जरा मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. शेजारच्या टेबलावरचा तो कारकूनही मान वर करून ऐकू लागला.

"हे सगळं आमच्याकडे आधी का नव्हतं?" साहेबांनी मामांना विचारलं.

"कोनी इचारलाच नाय, साहेब." एवढं एकच वाक्य मामा त्या ऑफिसात बोलले.

सगळ्यात शेवटी गोठा आला. साहेबांनी छापील यादी काढली. "पण इथे तर बंद लिहिलंय. गोठाच नाही म्हणताय ना तुम्ही?"

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही, पण मी म्हणाले, "साहेब, म्हशी गेल्या. आम्ही आहोत."

साहेबांनी "बंद" खोडून "चालू" लिहिलं, सही केली आणि कारकुनाला म्हणाले, "हा नळ तोडायचा नाही." वही त्यांनी ठेवून घेतली. बाहेर आल्यावर मामांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्यायले. चाळीच्या तोंडाशी येऊन ओरडले, "सुशीलाबाय! भांडी मांडा! आपला नल रायला!" खरं तर ती पाण्याची वेळ नव्हती. तरी बायकांनी भांडी मांडली.

पुढच्या वर्षीच्या अहवालात छापून आलं, "गोठ्याजवळील नळ (गोठा नाही), चालू." मामांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि त्या वर्षी शिल्लक विचारायला विसरले.

नंतर चाळीत घरोघर नळ आले. मामा निवृत्त झाले, त्यांच्या गावी राहू लागले. आम्हीही दोन हजार सालानंतर मुलाच्या नोकरीपायी घोडबंदर रोडला राहायला आलो. इथे सहाव्या मजल्यावर दिवसभर पाणी असतं. कोण सोडतं ते मला माहीत नाही.

मामा गेल्याचं सुशीलावहिनींनी कळवलं, तेही महिन्यानं. मी त्यांच्या गावी गेले. घर शोधावं लागलं नाही, चावीमामा म्हटल्यावर पोराटोरांनीही बोट दाखवलं. मी नाव सांगितलं तशी त्यांची सून लगबगीनं पुढे आली, पाट मांडला, शेजारणीला हाक मारली.

"अगो, ह्याच त्या! मामंजी सांगाचं ना, माजी भाची पालिकेन मोठे हुद्द्यावर हाय, गावचा नकाशा तिनं लिवलाय, साहेब लोक तिला इचारून पानी सोरतान, त्याच ह्या!"

दोघी माझ्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होत्या. त्या ऑफिसाची पायरी मी जन्मात एकदा चढले होते. मामा खोटं बोलत नसत, असं मी वर लिहिलं आहे. भिंतीवरच्या फोटोत ते नवी टोपी घालून बसले होते.

"किती वर्सं झाली तुमाला हापिसान?" सुनेनं विचारलं.

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग म्हणाले, "झाली की. पुष्कळ झाली."