लोखंडी स्क्रूचे कनेक्टर

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांत वायरमनचं काम करायचो. दोन तारा जोडायला आम्ही चिनी मातीचा छोटा कनेक्टर वापरायचो. त्यातल्या स्क्रूंखाली तारा घट्ट दाबायच्या. हे स्क्रू पितळीच हवेत. मला काम शिकवणारे म्हातारे उस्ताद खिशात लोहचुंबक ठेवत. दुकानात कनेक्टरला लावून बघत. चिकटलं की माल परत. "हितला पाऊस लोखंड खातो," म्हणत.

एका वर्षी सगळं पितळ लढाईच्या काडतुसांकडे गेलं आणि बाजारातून नाहीसंच झालं. लोणावळ्यात, कामशेतला, पुण्यातही लोखंडी स्क्रूंचाच माल. मी चुंबक लावलं. ते चिकटलं, तरी मी कनेक्टर घेतले. खंडाळ्याच्या एका बंगल्याचं काम अडलं होतं, मालक राहायला येणार होते. पितळ आलं की बदलू, असं मनाला सांगितलं. मग आणखी सहा घरांत तेच बसवले.

त्या बंगल्यात माझी वहिनी धुण्याभांड्याला होती. भाऊ वारल्यापासून ती माझ्याच घरी राहायची, आणि ते काम मीच तिला मिळवून दिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी तिथला माळी धावत आला. मोरीतून उठताना वहिनीनं ओल्या भिंतीला हात टेकला, आणि हात तिथंच चिकटला. तारा झाकणाऱ्या लाकडी पट्टीच्या आत स्क्रू गंजला होता, तार निसटून ओल्या भिंतीला लागली होती. माळ्यानं कोरड्या काठीनं तिला सोडवलं. जीव वाचला. पण उजव्या हाताची बोटं आत वळली, ती सरळ होईनात.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला बाकीची सहा घरं दिसायला लागली. एका घरात बाळंतीण होती. मी तसाच उस्तादांकडे पळालो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "चुंबक लावलंवतं?"

"व्हय."

ते उठले. "आदी समद्या घरांची लाइट बंद कर जा. रडायचं मागनं."

भर पावसात मी दारोदार फिरलो. बाळंतिणीच्या सासूबाई ऐकेनात. "अंधारात ठेवू का तिला?" म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरले, तेव्हा कुठं त्यांनी मला आत घेतलं. एका साहेबांनी मला हाकलून दिलं. मी व्हरांड्यातल्या मेनचा फ्यूज उपसला आणि खिशात घालून पळालो. पुढं चौकीवर माफी लिहून द्यावी लागली.

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद कथलाचा डाग देऊन तारा सांधायची हत्यारं घेऊन माझ्यासोबत आले. एकेक कनेक्टर कापून आम्ही तारा पिळल्या, डाग दिला, वर रबरी पट्टी गुंडाळली. गंजलेले स्क्रू निघत, तेव्हा ते माझ्या तळहातावर ठेवत आणि पुढच्या जोडाकडे वळत. बंगलेवाल्यांनी नंतर मला कामाला बोलावलं नाही.

वहिनीला घरी आणलं, तेव्हा तिनं विचारलं, "भावजी, ते खराब हाये, ठावं व्हतं तुमाला?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. "व्हय, वहिनी."

ती भिंतीकडे तोंड करून निजली. पुढे डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. सुरुवातीला त्या फाटायच्या. मी परातीला हात लावायला गेलो, की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या." माझी नजर उजव्या हाताकडे गेली, की तो पदराखाली घ्यायची.