तळाला नाव असलेलं भांडं

व्हर्नेल टॉलिव्हरने अलाबामातल्या आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. मुलं तिला मिस व्हर्नेल म्हणत, आणि तिच्यासमोर ताटात उष्टं टाकायची कुणाची छाती नव्हती. तिला कुणी 'बिचारी' म्हटलेलं मला खपणार नाही.

तिचा धाकटा भाऊ रॉस्को काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, तुरुंगात इन्सुलिन मागत मागत मेला. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी चालवली, म्हणून आत टाकला होता. पहारेकरी तीनदा "नाटकं बंद कर" म्हणाला, हे शेजारच्या कोठडीतल्याने ऐकलं. नाव मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

व्हर्नेलला काउंटीवर दावा नको होता. "काउंटीला तोंड आहे का? मला तो माणूस समोर बसून, शपथ घेऊन बोलायला हवाय."

माणसावर असा दावा लावता येतो, पण नावानिशी आणि मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. मुदत शुक्रवारी संपत होती. बुधवारी वकील क्विन्सी तुरुंगाच्या नोंदवहीची प्रत घेऊन आला. त्या दिवशीच्या पानावर पहारेकऱ्याची नुसती आद्याक्षरं होती: डी. एस.

"पूर्ण नाव ते देत नाहीत, मिस व्हर्नेल. शनिवारी देतील, हसत हसत."

व्हर्नेल उठली आणि कपाटातून एक काचेचं भांडं घेऊन आली. मयताच्या घरी आमच्याकडे लोक शिजवलेलं आणून ठेवतात, आणि भांडं परत यावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर नाव लिहितात. रॉस्को गेला तेव्हा आलेली सगळी भांडी तिने पोचवली होती, हे सोडून. या नावाचं आमच्या चर्चमध्ये कुणीच नव्हतं.

पट्टीवर होतं: स्ट्राउड.

गुरुवारी फोनच्या पुस्तकातून पत्ता काढून मी तिला गाडीतून नेलं. भांडं तिच्या मांडीवर, आणि त्यात गरम कॉबलर, पीच घालून भाजलेला गोड पदार्थ.

"अगं, दावा लावायला निघालीस की पाहुणचाराला?"

"रिकामं भांडं परत देत नाहीत. तू गाडी चालव."

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. भांडं दिसताच तिचा हात कडीवर तसाच राहिला.

"तुमचंच ना?" व्हर्नेलने विचारलं.

"हो."

"माझ्या भावाला तुम्ही ओळखत नव्हता."

"नाही."

"मग तुमच्या घरातलं कोण ओळखत होतं?"

आतला टीव्ही बंद झाला. आता ही दार लावणार, म्हणून मी पाय पुढे टाकला, तर व्हर्नेलने कोपराने मला मागे सारलं.

"महिनाभर धड जेवला नाही हो तो," बाई पुटपुटली.

"रॉस्को आता कधीच जेवणार नाही. नाव सांगा."

बाईने मागे पाहिलं. एक तिशीतला माणूस नुसत्या मोज्यांवर दारापर्यंत आला.

"ड्वेन स्ट्राउड," तो म्हणाला. "मीच होतो, मॅडम. मला वाटलं, तो..."

"थांब." व्हर्नेलने भांडं त्याच्या आईच्या हातात दिलं. "सांभाळून धरा, खालून गरम आहे." मग त्याच्याकडे वळली. "इथे दारात नको सांगूस. शपथ घेऊन सांग."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता क्विन्सीने त्याचं पूर्ण नाव दाव्यात घातलं.