किल्ल्यांची फाईल
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की माझा हात आपसूक फोनकडे जातो. लातूरच्या आमच्या ऑफिसात कोडचा सर्व्हर जुन्या कागदांच्या कपाटात, त्याच वासात घुरघुरत असायचा. त्या दिवशी मी नांदेडच्या एका दवाखान्यात होतो. आमचा नोंदणीचा प्रोग्राम अडला होता, खिडकीपुढं रांग वाढत होती, आणि माझी दुरुस्ती सर्व्हर घेईना, कारण ती ज्या फोल्डरात जायची त्याची मालकी आमच्या सीनियर ताईंच्या नावावर. विचारायचं कशाला, म्हणून मी वैतागून मुख्य पासवर्ड वापरून सर्व्हरवरच्या साऱ्या फायली सगळ्यांना खुल्या करून टाकल्या, आणि सर्व्हरनं कुणालाच आत घेणं बंद केलं. घाबरून लातूरला फोन लावला. ताई म्हणाल्या, "आरं, आत कुणाला घ्यायचं ते ठरवणारी किल्ल्यांची फाईलबी उघडी टाकलास की! ती कुणालाबी बदलता येती म्हटल्यावर सर्व्हर कुणावरच भरवसा ठेवत न्हाई." मग फोनमधून कपाटाचं दार करकरलेलं ऐकू आलं, कीबोर्ड वाजत राहिला, आणि मी रांगेच्या कडेनं येरझाऱ्या घातल्या. "झालं बघ," त्या शेवटी म्हणाल्या, "आधीच इचारला असतास तर मिनिटाचं काम होतं." आता ते कपाट माझ्या ताब्यात आहे, आणि नवे सहकारी बराच वेळ काही विचारेनासे झाले की मला बसवत नाही, मीच त्यांना फोन लावतो.